शिकणाऱ्यांसाठी विमान घडवणारे डॉ. विष्णु माधव घाटगे





मागच्या सहलीत आपली मुले बेंगळूरला गेली होती. विधानसौध आणि लालबाग पाहून झाल्यावर आमची बस हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एच.ए.एल.च्या विमान संग्रहालयाकडे निघाली. वाटेत एका सभागृहावर डॉ. घाटगे यांच्या नावाची पाटी होती. आठवीतल्या एका मुलाने ती वाचली आणि हे घाटगे आपल्या कागलकडचे का, असे मला विचारले. मुलगा निपाणीजवळच्या खेड्यातला. घाटगे हे आडनाव त्याला घरचे वाटले. मला उत्तर देता आले नाही. बघून सांगतो, असे म्हणून मी वेळ मारून नेली.

बावीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नसावी, याची मला लाज वाटली. परत आल्यावर मी वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागले ते त्या मुलासाठी आणि तुम्हा सर्वांसाठी या अंकात लिहीत आहे. घराण्याचे मला सांगता येणार नाही, पण गावाचे सांगता येते. ते गाव कागलपेक्षा संकेश्वरला जवळचे आहे.

हसूरचंपू ते मुंबई

विष्णु माधव घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी हसूरचंपू या गावी झाला. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात, गडहिंग्लज तालुक्यात आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते, तोच हा मुलूख. ऊस, तंबाखू, मिरची आणि भुईमूग पिकवणारा. इथल्या बाजारात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच तागडीत तोलल्या जातात.

ते १९०८ साल आपण जरा लक्षात ठेवू या. राइट बंधूंनी अमेरिकेत १९०३ साली इंजिनाचे विमान उडवले होते, परंतु पुष्कळांचा त्यावर विश्वास बसत नव्हता. १९०८ च्या ऑगस्ट महिन्यात विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये हजारो लोकांसमोर विमान उडवून दाखवले, तेव्हा कुठे जगाची खात्री पटली. म्हणजे माणूस उडू शकतो हे जगाने ज्या वर्षी मान्य केले, त्याच वर्षी हसूरचंपूत हे बाळ जन्माला आले. भारतात पहिले विमान उडायला त्यानंतर आणखी दोन वर्षे लागली.

घाटगे यांचे सुरुवातीचे शिक्षण गावच्या परिसरातल्या शाळांत झाले. त्या काळी खेड्यातून मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवणे म्हणजे घर सोडणे, दुसऱ्याच्या दारी राहणे आणि इंग्रजीतून शिकणे, असे तिहेरी अवघड काम होते. घाटगे यांनी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन्ही पदव्या घेतल्या. जे.आर.डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपालाचे विमान आणले ते १९३२ साली. त्या काळात आपल्या देशात विमान चालवणारे मूठभर होते. विमान का उडते याचे गणित मांडू शकणारे तर जवळजवळ नव्हतेच. ते गणित शिकण्यासाठी घाटगे जर्मनीतील ग्यॉटिंगेन या गावी गेले.

ग्यॉटिंगेनचे गुरू

ग्यॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक शिकवत असत. हवेच्या प्रवाहाचे आधुनिक शास्त्र ज्यांच्यापासून सुरू होते, असे हे ऋषितुल्य गुरू. प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट करणारे पहिले भारतीय म्हणजे आपले घाटगे. १९३६ साली त्यांनी ही पदवी मिळवली.

प्रांटल यांनी काय शोधले, हे विद्यार्थ्यांना थोडक्यात सांगतो. पहिला शोध १९०४ चा. हवा एखाद्या पृष्ठभागावरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला लागून असलेला अगदी पातळ थर जणू चिकटून राहतो आणि मंदावतो. विमानाला होणारा बराचसा अडथळा या पातळ थरातच जन्माला येतो. त्याआधीचे गणिती संपूर्ण हवेचा एकदम विचार करत आणि हिशेब चुकत असे. प्रांटल यांनी तो पातळ थर वेगळा काढला आणि हिशेब जुळला.

दुसरा शोध पंखांविषयीचा, पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा. उडताना पंखाच्या खालचा दाब जास्त आणि वरचा कमी असतो, म्हणून पंख वर उचलला जातो. परंतु पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर निसटते आणि मागे भोवरा तयार होतो. तो भोवरा फिरवण्यात विमानाची शक्ती फुकट जाते. पंख जितका लांब आणि अरुंद, तितके हे नुकसान कमी. आपल्या बेळगावच्या किल्ल्यावर दुपारी घार पंख न हलवता गोल गोल फिरते, ती पाहा. चिमणीचे पंख आखूड, म्हणून तिला सतत फडफडावे लागते. घारीचे पंख लांब, म्हणून ती तरंगते. प्रांटल यांनी यातले गणित मांडले.

या गणिताचा सर्वांत मोठा लाभ झाला तो इंजिन नसलेल्या विमानांना, म्हणजे ग्लायडरना. जर्मनीत ग्लायडरची परंपरा जुनी. ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात टेकडीवरून दोन हजारांहून अधिक वेळा तरंगत उडी घेतली आणि अखेर त्यातच त्यांचा अंत झाला. पहिल्या महायुद्धात हरल्यावर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधने आली. तेव्हा तिथल्या महाविद्यालयीन मुलांनी ग्लायडर हाती घेतले. १९२० पासून वासरकुपे नावाच्या डोंगरावर दरवर्षी स्पर्धा होऊ लागल्या. हानोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले एक ग्लायडर १९२२ साली तीन तासांहून अधिक काळ हवेत राहिले. इंजिन नाही, इंधन नाही, केवळ लांब पंख, वर चढणारा वारा आणि अचूक हिशेब!

घाटगे जर्मनीत होते तो काळ मात्र चांगला नव्हता. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ग्यॉटिंगेनमधील मॅक्स बॉर्न, एमी नोएथर अशा ज्यू विद्वानांना पदावरून दूर करण्यात आले. जगातले एक उत्तम विद्यापीठ पाहता पाहता ओस पडू लागले. विद्येचे घर बांधायला पिढ्या लागतात, मोडायला एक वर्ष पुरते, हा धडा त्या गावाने जगाला दिला.

पहिले काम ग्लायडरचे

पदवी घेऊन घाटगे मायदेशी परतले. देशात विमानाचा कारखाना नव्हता. तो निघाला १९४० च्या डिसेंबरात, बेंगळूरला. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. घाटगे तिच्या सुरुवातीच्या दिवसांतच तिथे दाखल झाले. कारखान्याचे पहिले काम होते अमेरिकन नमुन्याची विमाने जोडण्याचे. पण जोडणे वेगळे आणि स्वतः आखणे वेगळे. शिंप्याने दुसऱ्याने कापलेले कापड शिवणे आणि अंगाचे माप घेऊन स्वतः कापणे, यात जो फरक आहे तोच इथे.

घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली या कारखान्यात आखले गेलेले पहिले यान म्हणजे जी-१ नावाचे ग्लायडर. ते दहा जणांना वाहून नेणारे होते. युद्धात ग्लायडर कशासाठी, असा प्रश्न मुलांना पडेल. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैनिक ग्लायडरमधून बेल्जियममधल्या एका बलाढ्य किल्ल्यावर आवाज न करता उतरले आणि तो त्यांनी घेतला. तेव्हापासून सगळ्या देशांना सैनिक उतरवणारी ग्लायडर हवीशी वाटू लागली. बेंगळूरचे जी-१ त्याच गरजेतून आले. कसा योगायोग पाहा! जर्मन गुरूंनी शिकवलेले गणित, जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या बाजूच्या कामी, हसूरचंपूच्या माणसाच्या हातून आले. विद्येला सरहद्द नसते, हे आपण प्रार्थनेच्या वेळी सांगतो. इथे ते प्रत्यक्ष दिसते.

जी-१ एकच बांधले गेले. लवकरच कारखाना सरकारच्या ताब्यात गेला आणि युद्धातल्या विमानांची दुरुस्ती हेच त्याचे मुख्य काम होऊन बसले. नवीन आखण्याचे काम मागे पडले. निराश होण्यासारखीच गोष्ट होती. पण घाटगे यांच्यापुढे त्याच वेळी दुसरे काम आले, ते शिकवण्याचे. १९४२ च्या अखेरीस बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. आपल्या देशात या विषयाच्या उच्च शिक्षणाची सुरुवात तिथून झाली. प्रांटल यांचेच आणखी एक शिष्य टीटयेन्स पुढे या विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर १९५५ साली सतीश धवन. हेच धवन पुढे आपल्या अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष झाले. दिव्याने दिवा लागतो तो असा.

५ ऑगस्ट १९५१

स्वातंत्र्यानंतर कारखान्यात नवीन विमाने आखण्याचा विभाग उभा राहिला आणि त्याचे नेतृत्व घाटगे यांनी केले. नवस्वतंत्र देशाचे पहिले विमान कोणते असावे? एखाद्याला वाटेल, जोरदार लढाऊ विमान करावे, जगाला दाखवावे. परंतु घाटगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले ते शिकाऊ वैमानिकांचे विमान. त्याचे नाव एच.टी.-२.

५ ऑगस्ट १९५१ रोजी कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते बेंगळूरच्या धावपट्टीवरून प्रथम उडवले. ते संपूर्ण धातूचे, खाली पंख असलेले, दोन आसनांचे विमान होते. आसने एकामागे एक, म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा एकाच रेषेत. तोपर्यंत आपले वैमानिक शिकत असत ते लाकूड आणि कापडाच्या इंग्रजी टायगर मॉथ विमानांवर. आता त्यांच्यासाठी आपल्या देशात आखलेले विमान आले.

शिकाऊ विमान आखणे सोपे असेल, असा समज करून घेऊ नका. लढाऊ विमान कसलेल्या हातात जाते. शिकाऊ विमान जाते ते पहिल्यांदा दांडा धरणाऱ्या घाबरलेल्या मुलाच्या हातात. तो जोरात आदळत उतरणार, म्हणून चाकांचे पाय मजबूत हवेत. तो वेग कमी करून बसणार, म्हणून विमानाने आधी इशारा द्यायला हवा, एकाएकी कोसळता कामा नये. भोवऱ्यासारखे गरगरायला लागले तर त्यातून सावरायला त्याला शिकवता आले पाहिजे. आणि तरीही ते इतके मऊही नसावे, की शिकणाऱ्याची चूक त्याला कळूच नये. चूक दाखवायची, पण चुकीची शिक्षा प्राणांनी द्यायची नाही, असे ते यंत्र हवे. शिक्षक म्हणून मला वाटते, चांगल्या शाळेची व्याख्यासुद्धा याहून वेगळी नाही.

एच.टी.-२ विमाने दीडशेहून अधिक तयार झाली. हवाई दलात कित्येक वर्षे नव्या वैमानिकांनी याच विमानावर धडे गिरवले. आफ्रिकेतील घाना देश स्वतंत्र झाल्यावर त्याने आपले हवाई दल उभारताना भारताकडून बारा एच.टी.-२ घेतली. काल-परवापर्यंत आपण दुसऱ्यांची विमाने जोडत होतो, आणि आता दुसऱ्या देशाची मुले आपल्या विमानावर शिकू लागली.

या १९५१ सालाची आणखी एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीवर पुन्हा उड्डाणबंदी आली होती. ग्लायडरपुरती ती उठली ती याच साली. तिथल्या आखणीकारांनीसुद्धा पुन्हा श्रीगणेशा केला तो साध्या लाकडी यानांपासून. रूडॉल्फ कायझर यांनी १९५५ मध्ये आखलेले का-६ हे एक आसनी ग्लायडर त्यातले सर्वांत नावाजलेले. त्याच्या पंखांचा पसारा १५ मीटर. पुढे सुधारत सुधारत त्याचे अनेक प्रकार निघाले आणि हजाराहून अधिक ग्लायडर जगभर गेली. त्यातल्या चांगल्या प्रकाराची तरंगण्याची क्षमता साधारण तीस पट होती. म्हणजे निपाणीच्या आकाशात १ किलोमीटर उंचीवर सोडले, तर वारा शांत असताना ते इंजिनाशिवाय संकेश्वर ओलांडून जाईल. आपल्या देशातही मुलकी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात रामामृतम यांनी अश्विनी, रोहिणी आणि कार्तिक ही ग्लायडर आखली. त्यातले कार्तिक एक आसनी होते आणि १९६३ मध्ये उडाले. या सगळ्यांच्या मुळाशी लांब पंखांचे तेच गणित होते, जे शिकायला घाटगे ग्यॉटिंगेनला गेले होते.

पुष्पक ते किरण

एच.टी.-२ नंतर घाटगे थांबले नाहीत. १९५८ मध्ये पुष्पक हे दोन आसनांचे हलके विमान उडाले. ते फ्लाइंग क्लबांसाठी होते, म्हणजे पुन्हा शिकणाऱ्यांसाठीच. अनेक नागरी वैमानिकांचे पहिले उड्डाण पुष्पकमधूनच झाले. त्याच धर्तीवर १९५९ मध्ये कृषक आले. लष्कराला उंचावरून टेहळणी करण्यासाठी त्याचा उपयोग झाला.

१९५६ साली सरकारने कुर्ट टांक या नामांकित जर्मन आखणीकारांना बेंगळूरला बोलावले. त्यांच्या नेतृत्वाखाली मारुत हे लढाऊ जेट विमान तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी उडाले. मारुतचे श्रेय टांक आणि त्यांच्या पथकाचे, त्यातल्या असंख्य भारतीय अभियंत्यांचे. परंतु परदेशी पाहुणा आला तेव्हा त्याच्याबरोबर काम करू शकतील असे लोक कारखान्यात तयार होते, कारण कित्येक वर्षे ते एच.टी.-२ वर हात बसवत आले होते. पाया आधीच भरलेला होता.

घाटगे यांच्या पथकाचे पुढचे मोठे काम म्हणजे किरण हे जेट शिकाऊ विमान. ४ सप्टेंबर १९६४ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. यात आसने शेजारी शेजारी होती, म्हणजे शिक्षकाला शिष्याचा हात दिसत असे. लढाऊ वैमानिकांच्या अनेक पिढ्या किरणवर घडल्या. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुमच्या आई-वडिलांनी टीव्हीवर पाहिल्या असतील. १९९६ पासून २०११ पर्यंत ते पथक उडवत होते ती किरण विमानेच, आणि पथकाचे ठाणे होते आपल्याच कर्नाटकातले बिदर.

१९६५ मध्ये भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. भारतीय वैमानिकी संस्था त्यांच्या नावाने पुरस्कार देते आणि बेंगळूरच्या त्या सभागृहावर त्यांचे नाव आहे. महाराष्ट्रात जन्मलेल्या या माणसाने आयुष्याचे काम कर्नाटकात केले. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना आपले म्हणावे आणि कोणी कोणाकडून हिसकावून घेऊ नये, अशी ही एक तरी गोष्ट आपल्या सीमाभागाला मिळाली आहे.

आपण काय घ्यावे

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. वडिलकीच्या नात्याने बोलतो, राग मानू नये.

पहिली गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. विज्ञान दिनाच्या निबंधांत दरवर्षी चार-पाच मुले लिहितात, की राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले. तळपदे हे हौशी आणि जिज्ञासू गृहस्थ होते, परंतु त्यांचे विमान उडाल्याचा विश्वसनीय पुरावा नाही. ज्या पोथीच्या आधारे अशा गोष्टी सांगितल्या जातात, तिच्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. या अभ्यासात भाग होता त्याच विभागाचा, ज्याची सुरुवात घाटगे यांनी करून दिली होती. बाळांनो, अभिमान जरूर बाळगा, पण जे घडले त्याचा बाळगा. खरे विमान उडवलेला आपला माणूस असताना आपल्याला कल्पित विमानाची गरज काय?

दुसरी गोष्ट पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळासाठी. गेल्या काही वर्षांत आपल्या पहिलीच्या वर्गातले बाक रिकामे होत चालले आहेत. प्रवेशाच्या वेळी पालक मला हेच विचारतात, की मराठीतून शिकून मुलगा इंजिनियर कसा होणार. मंडळाच्या बैठकीतही माध्यम बदलण्याचा विषय निघतो. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. वडिलांची नोकरी उत्तरेत होती. पदवीपर्यंत भौतिकशास्त्र मी हिंदीतून शिकलो. पुढे एका मुलाखतीत इंग्रजीत उत्तर देता आले नाही म्हणून मला हसून बाहेर पाठवण्यात आले होते. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. म्हणून पालकांची काळजी मला खोटी वाटत नाही. इंग्रजी यायलाच हवी, आणि ती आपण आजच्यापेक्षा पुष्कळ चांगली शिकवली पाहिजे, हे मी मान्य करतो.

परंतु त्या दिवशी मी अडखळलो तो भौतिकशास्त्रात नाही, भाषेत अडखळलो. विषय डोक्यात पक्का होता, म्हणून भाषा मागाहून दोन वर्षांत शिकता आली. विषयच कच्चा असता, तर कोणतीही भाषा कामाला आली नसती. घाटगे यांचे आयुष्य तेच सांगते. गावाकडच्या शाळेत शिकलेला मुलगा महाविद्यालयात इंग्रजीतून शिकला, ग्यॉटिंगेनला जर्मन भाषेच्या वातावरणात डॉक्टर झाला आणि कन्नड मुलखात कारखान्यात राबला. त्यांनी भाषा सोडल्या नाहीत, एकीवर एक चढवत नेल्या. आपल्या शाळेतली मुले मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या चार भाषांत वावरतात. ही त्यांची अडचण आहे असे आपण समजतो. मला ती शिडी वाटते. शिडीची खालची पायरी काढून वरच्या पायरीवर उडी मारायला लहान मुलाला सांगणे, हा शहाणपणा नाही.

एका माणसाच्या उदाहरणावरून सगळ्यांचे ठरत नाही, हे मला कळते. हसूरचंपूतून निघालेले सगळेच ग्यॉटिंगेनला पोहोचले नाहीत. म्हणून मंडळाला माझी विनंती साधी आहे. माध्यमाचा निर्णय घेण्याआधी आपण प्रयोगशाळा आणि इंग्रजीचा स्वतंत्र शिक्षक या दोन गोष्टी तीन वर्षे देऊन पाहू. पालकांनीही तेवढा धीर धरावा. त्यानंतर निकाल समोर ठेवून काय तो निर्णय करू, आणि तो मलाही मान्य राहील.

येत्या २४ ऑक्टोबरच्या आसपास शाळेच्या मैदानावर आपण कागदी आणि पुठ्ठ्याच्या ग्लायडरची स्पर्धा ठेवणार आहोत. प्रत्येकाने एकाच वजनाच्या कागदातून दोन ग्लायडर करायची, एक आखूड रुंद पंखांचे आणि एक लांब अरुंद पंखांचे. दोन्ही एकाच उंचीवरून दहा दहा वेळा सोडायची आणि प्रत्येक वेळचे अंतर वहीत लिहायचे. बक्षीस सर्वांत लांब जाणाऱ्या ग्लायडरला मिळणार नाही. ज्याच्या वहीत फसलेल्या उड्डाणांचीही प्रामाणिक नोंद असेल आणि ते का फसले याचा विचार असेल, त्याला मिळेल. वहीची भाषा मराठी, कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी, ज्याला जी सोपी वाटेल ती.

सहलीत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी कार्यालयात बोलावून घाटगे यांची ही सारी हकिकत आधीच सांगितली आहे. सगळे ऐकून त्याने विचारले, की हसूरचंपूला बस किती वाजता असते. दिवाळीच्या सुटीत त्याला आणि आणखी काही मुलांना घेऊन तिथे जाऊन यायचा विचार आहे. ज्या पालकांना सोबत यावेसे वाटेल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुख्याध्यापक